मागे घेतलेला विषय

सभेची विषयपत्रिका नगरसेवकांच्या घरी पोचवणं हे खरं तर शिपायाचं काम. आमच्या नगरपरिषदेत ते सभा-लिपिक कुंडलिकमामा स्वतः करायचे, आणि ज्याच्या नावाची पत्रिका त्याच्याच हातात द्यायचे. यात विशेष ते काय, असं ज्याला वाटेल त्याने आमच्याकडच्या नगरसेविकांची घरं पाहिलेली नाहीत. निम्म्या जागा बायकांच्या, आणि सह्या नवऱ्यांच्या, दिरांच्या, सासऱ्यांच्या. एका बाईंची सही म्हणे त्यांचा ड्रायव्हर करायचा, आणि त्यांच्यापेक्षा बरी करायचा.

मी निवडून आले त्याला महिना झाला नव्हता. भाकरी थापत होते. ओट्यावर माझे दीर कुणाशी तरी हुज्जत घालत होते. "आवं, मी दीर हाय तिचा. आना इकडं, करतो सही."

त्यावर एक बारीक, शांत आवाज आला. "तुमी दीर हाय, कबूल. पन निवडून ताई आल्यात. त्यांना येऊ द्या."

मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले. पंचावन्न-छप्पनचा किडकिडीत माणूस, पांढरा सदरा, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाची विजार दोरीने बांधलेली, खांद्याला कापडी पिशवी. म्हणाले, "हात धुऊन या निवांत. मी बसतो." तवा उतरवून, हात धुऊन, पदर सारखा करून यायला मला पाव तास लागला. तोवर ते ओट्याच्या कडेला बसून होते आणि दीर फणफणत गल्लीत निघून गेले होते. माझ्या सहीसाठी त्याआधी कुणी पाव मिनिटही थांबलं नव्हतं. ते मला इतकं आवडलं की मी सही पूर्ण नावाची केली.

सही झाल्यावरही ते उठेनात. "आता माझ्यादेखत एकदा वाचा."

मी वाचलं. एकोणीस विषय होते.

"काय समजलं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मंग बरोबर वाचलं," म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

मी धनगर गल्लीत दिलेली बी.ए. झालेली सून. गल्लीत शिकलेली बाई मीच, म्हणून जागा बायकांसाठी सुटली तेव्हा मला उभं केलं. सभागृहात मी बोलावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती, माझी स्वतःचीही नव्हती. बोलायला मला मामांनी शिकवलं असं म्हणणं खोटं होईल, कारण ते स्वतः कधी बोलतच नसत. त्यांनी मला कागद शिकवला.

विषय सभेपुढे येतो कसा, हे त्यांनी मला आवक-जावकच्या टेबलाशी उभं करून दाखवलं. सदस्याने पत्र द्यायचं, त्यावर आवक क्रमांक घ्यायचा, आणि शिक्का उमटल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. मग त्या खात्याची टिपणी लागते, मुख्याधिकाऱ्यांची सही होते, मामा कच्ची यादी करतात आणि ती अध्यक्षांकडे जाते. अध्यक्ष हातात शिसपेन्सिल घेऊन बसतात. बरोबरची खूण केली की विषय आत, काट मारली की बाहेर, आणि गोल केला की 'ऐनवेळी'. प्रत्येक पत्रिकेच्या तळाशी ते एक वाक्य छापलेलंच असतं, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'.

"ऐनवेळी म्हणजे नेमकं काय हो मामा?"

"घराचं मागचं दार," ते म्हणाले. "पाव्हना पुढून येतो. मागून कोन येतं, कोन जातं, ते आपन इचारू नाई."

आमच्याकडे ऐनवेळी काय काय येई! कुणाच्या आजोबांच्या नावाची कमान येई. कुणाच्या प्लॉटिंगपर्यंत जाणारा डांबरी रस्ता येई. चिवड्याच्या बशा फिरायला लागल्या की सभा संपली असं आमच्यात धरतात, आणि बशा फिरत असतानाच अध्यक्ष तीन-चार विषय पुटपुटत. पुढची गंमत मला वर्षभराने कळली. सभा संपून आठवडा झाला तरी ऐनवेळचे विषय येतच राहत. त्यासाठी मामा प्रोसिडिंगच्या वहीत शेवटच्या विषयानंतर दोन पानं कोरी ठेवत. त्यांच्या आधीचा लिपिक ठेवायचा, त्याच्या आधीचाही ठेवायचा. दस्तूर होता.

"हे चुकीचं नाही का?" मी एकदा विचारलं.

"लई चुकीचं हाय," मामा म्हणाले आणि तिसरं पान आखायला घेतलं.

असा माणूस. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, हजेरी कधी चुकली नाही, नगरपरिषदेचा चहा ते पीत नसत, बाहेर टपरीवर उभं राहून स्वतःचा पीत. शनिवारी एस.टी.ने तेलगावला भावाकडे जात, सोमवारी सकाळी परत. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली. सात अध्यक्ष त्यांनी पाहिले होते. "अध्यक्ष बदलतेत. वही तीच ऱ्हाते," असं म्हणायचे, आणि त्यात थोडी फुशारकीही असायची. पण मामा भित्रे होते. हे मी त्यांच्यावरच्या मायेनेच सांगते आहे. साहेबांनी हाक मारली की खुर्चीतून उठताना त्यांचा एक हात आधी सदऱ्याचं वरचं बटण चाचपायचा.

आता माझा विषय.

आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याची उंच टाकी होती. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणी बांधलेली. खांबांचं सिमेंट सुटून आतल्या गजांना गंज चढला होता. पण त्या भागात सावली तेवढी एकच, म्हणून दुपारी सगळ्यांची मेंढरं टाकीखाली बसत. त्यांच्याजवळ लोकर विंचरत सखूआत्या बसे. नात्याने ती माझी लांबची चुलतसासू, पण गल्लीच तिला आत्या म्हणायची. एक दिवस तिने मला हाताला धरून तिथे नेलं आणि एका मेंढीच्या पाठीवरून सिमेंटचा मूठभर चुरा झाडून माझ्या तळहातावर ठेवला.

"सूनबाई, हे रोज पडतंय. तू मेंबर हायेस नव्हं? कर की काहीतरी."

मी पत्र दिलं. 'धनगर गल्लीतील जीर्ण जलकुंभ पाडून त्याच जागी नवीन बांधणेबाबत.' आवक क्रमांक घेतला, शिक्का उमटेपर्यंत टेबल सोडलं नाही. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याने 'धोकादायक' अशी टिपणीही लावली. अध्यक्षांनी गोल केला. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नवी टाकी त्यांना हायवेकडच्या आपल्या नव्या वस्तीत हवी होती. जुनी पाडायचा ठराव झाला असता, तर नवी आधी आमच्याकडे बांधावी लागली असती.

चार सभांमध्ये चार वेळा माझा विषय ऐनवेळी आला आणि चिवड्यात बुडाला. चौथ्या वेळी मी उभी राहिले. बशा वाजत होत्या. मी म्हटलं, "अध्यक्ष महोदय, त्या टाकीखाली माणसं बसतात." अध्यक्ष हात जोडून, अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, पुढच्या सभेला घेऊ. सविस्तर घेऊ." दोन-तीन जण हसले. मी बसले. त्या दिवशी घडलं ते एवढंच.

पण चौथ्यांदा 'तहकूब' लिहिलं असतं तर जिल्ह्याहून विचारणा झाली असती, टाकी धोकादायक असताना विषय लोंबकळत का ठेवला म्हणून. अध्यक्षांनी मामांना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, लिही, सूचक सदस्यांनी विषय मागे घेतला. मामांनी लिहिलं. मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. हे मला फार नंतर कळलं.

पुढच्या सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मामा आमच्या दारात आले. सायकल नव्हती, चालत आले होते. काखेत लाल फडक्यात बांधलेली प्रोसिडिंगची वही. ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी न नेणारा माणूस वही घेऊन बाहेर पडला होता, एवढ्यावरून मला कळायला हवं होतं. पण माझ्या माहेरची माणसं आलेली, कपिलधारचा धबधबा बघायला जायचं ठरलेलं, दारात जीप उभी, पोरं जीपमध्ये चढून भांडत होती.

"ताई, उद्या हे कायम करायचं हाय," ते म्हणाले. "आज एक पान वाचा."

"मामा, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

"एकच पान हाय."

भावाने हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "उद्या सभेत बघते ना." त्यांनी फडक्याची गाठ सोडलेली होती, ती परत बांधली. म्हणाले, "बरं." जीप वळताना मी पाहिलं, ते ओट्याजवळ तसेच उभे होते, वही छातीशी धरून.

कपिलधारला भरपूर पाणी होतं. आम्ही खूप हसलो, फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी सभेत पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आमच्याकडे ते कधी वाचत नाहीत. कुणीतरी म्हणतं, "वाचलं समजा." मग सगळे बाकं वाजवतात, "कायम, कायम." मामांनी विषयाचा मथळा नेहमीपेक्षा हळू वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, काल वाटेला लावलं म्हणून रुसलेत. मी त्यांच्याकडे पाहून हसले आणि सगळ्यांबरोबर बाक वाजवलं. "कायम."

टाकी पडली ती त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी. आवाज बाजारपेठेपर्यंत गेला. मी धावत गेले तेव्हा गल्लीतून गुडघाभर पाणी वाहत होतं आणि त्यात मेंढ्या वाहत होत्या. सखूआत्या खांबाखाली सापडली. तिच्या कुशीत तिची नात होती, सहा वर्षांची. दोघींना काढायला संध्याकाळ झाली. त्याचं वर्णन मी करणार नाही.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी पत्रकारांना बोलावून वही उघडून दाखवली. आम्ही तर विषय घेतला होता, पण धनगर गल्लीच्या ताईंनीच तो मागे घेतला, हे बघा, आणि पुढच्या सभेत त्यांच्यासकट सगळ्यांनी ते कायम केलं. त्या संध्याकाळी सखूआत्याचा मुलगा म्हाळू माझ्या दारात आला. आई आणि लेक दोघींना एकाच दिवशी मातीआड करून आलेला माणूस. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही.

"वहिनी, तुमी इषय मागं घेतलता? कावून?"

"मी नाही घेतला रे," मी म्हटलं. तो आल्या पावली गेला. त्याला ते पटलेलं नव्हतं. गल्लीतल्या कुणालाच पटलं नव्हतं. नळावर बायका माझ्यापासून कळशीभर अंतर ठेवून उभ्या राहू लागल्या.

जिल्ह्याहून चौकशी अधिकारी आले. सभागृहातच जबाब घ्यायला बसले. मी पहिल्या रांगेत, माझ्या पलीकडे अध्यक्ष. मामांना बोलावलं. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ते उभे राहिले आणि या वेळी हात बटणाकडे गेला नाही.

"विषय मागे घेतला न्हवता साहेब. मी खोटं लिहिलं."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून?"

"अध्यक्षांच्या."

"लेखी आदेश आहे?"

"न्हाई."

"कुणी साक्षीदार?"

"केबिनमदी आमी दोघंच होतो."

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "काय बे कुंडलिक, म्हातारपणी काहीपन बोलतो का?" अधिकाऱ्यांनी त्यांना गप्प केलं आणि पुढचा प्रश्न विचारला. "हे इतिवृत्त कायम होण्यापूर्वी तुम्ही संबंधित सदस्यांच्या नजरेस आणलं होतं का?"

या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' होतं. ते उत्तर मामांना वाचवू शकलं असतं. स्वतःच्या मर्जीने खोटं लिहिणारा माणूस वही काखेत मारून ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्याच दारात जात नाही, हे कुणालाही कळलं असतं, आणि अध्यक्षांकडे बोट दाखवणाऱ्या त्यांच्या शब्दाला वजन आलं असतं. पण त्याच उत्तराने हेही उघड झालं असतं की नगरसेविकाबाईंना वही दाखवायला आणली होती आणि त्या जीपमध्ये बसून सहलीला गेल्या.

मामा टेबलाकडे बघत म्हणाले, "न्हाई साहेब. ताईंना काहीच ठाऊक न्हवतं."

मी त्यांच्यापासून तीन हातांवर होते. उठून दोन वाक्यं बोलायची होती. मी उठले नाही. घसा कोरडा पडला, चक्कर आली, असं काही झालं नाही. मी धडधाकट होते आणि गप्प बसले.

माझं नाव स्वच्छ झालं. बातमी आली, लिपिकाने नोंद बदलली. मामांना निलंबित केलं. त्यांनी लिहून दिलेला कबुलीजबाब होता, अध्यक्षांविरुद्ध कागदाचा कपटाही नव्हता. बायका नळावर परत माझ्याशी बोलू लागल्या. म्हाळूने दारात येऊन माझे पाय धरले. "वहिनी, माफ करा. मी तुमच्यावर सौंशय घेतला." मी त्याला उठवलं आणि चहा दिला. तो पिऊन गेला. माझ्या हातून आयुष्यात याहून वाईट काही घडलेलं नाही.

पाच महिन्यांनी मी तेलगावला गेले. मामा भावाच्या घराच्या अंगणात बाजेवर बसून कापसाच्या बोंडांतून कचरा निवडत होते. निम्मे झाले होते. दाढी वाढलेली. मला बघून भावजयीला म्हणाले, "ताईंना पानी दे. मेंबर हायेत."

मी विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही मला तोंडाने का नाही सांगितलं? एवढंच म्हणायचं, ताई, तुमचा विषय मागे घेतलाय असं लिहिलंय. मी जीप परत पाठवली असती."

ते बोंड निवडत राहिले. मग म्हणाले, "आयुष्यभर तोंड उघडायची सवय लावून घेतली न्हाई. वही उघडून दावायची, तेवढीच हिंमत व्हती ताई. तेवढी बी लई वाटली तवा. सायकल चालवता येईना, पाय लटपटत व्हते. चालत आलतो."

"आणि चौकशीत खोटं का बोललात?"

"तुमचं नाव गेलं असतं तर त्या गल्लीकडून बोलायला कोन ऱ्हायलं असतं?" म्हणाले. "माझं काय, मी जानारच व्हतो." मग विचारलं, "त्या पोरीचं वय काय व्हतं ताई?"

"सहा."

त्यांनी मान हलवली. माहीत होतं त्यांना. पेपरात आलं होतं. पण कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं बहुधा. मी म्हटलं, मी जाऊन सगळं सांगते अधिकाऱ्यांना. म्हणाले, "आता नगा. टाकीचा इषय आधी मंजूर करून घ्या. मंग काय सांगायचं ते सांगा." मी ते ऐकलं. खरं सांगायचं तर ते मला सोयीचं होतं म्हणून ऐकलं.

पुढच्या सभेच्या पत्रिकेत टाकीचा विषय दुसऱ्या क्रमांकावर होता. पेन्सिलीचा गोल नव्हता. दोन माणसं मेल्यावर विषयाला क्रमांक मिळतो. नवी टाकी आमच्या गल्लीत मंजूर झाली, अध्यक्षांनीच ठराव वाचला आणि त्यांचं अभिनंदनही झालं. ते सांगायला मी तेलगावला जाणार होते. जायला दोन रविवार गेले, तिसऱ्या रविवारच्या आत निरोप आला. मामा शेतातच बसल्या जागी गेले होते. आठ दिवसांत पत्र निघालं, अपचाऱ्याच्या, म्हणजे मामांच्या, मृत्यूमुळे विभागीय चौकशी बंद करण्यात येत आहे. आता जाऊन सांगावं असं एकही टेबल उरलं नाही.

पत्राची बातमी गल्लीत पोचली त्या संध्याकाळी म्हाळू आला. ओट्यावर बसला. म्हणाला, "तो बाबू मेला म्हनं. बरं झालं. माझ्या मायला अन् लेकीला खाऊन बसलता."

मी म्हटलं, "म्हाळू, आत ये."

आत बसवून मी त्याला सगळं सांगितलं. लाल फडकं, एक पान, जीप, कपिलधार, चौकशीतला प्रश्न आणि माझं न उठणं. काही सोडलं नाही, काही सावरून घेतलं नाही. तो खाली मान घालून ऐकत होता.

"तो वही घेऊन आलता? तुमच्या दारी?"

"आला होता."

"अन् तुमी गाडीत बसल्या."

"बसले."

त्याने विचारलं, "गाव कोनतं त्याचं?"

"तेलगाव."

तो उठला. मी ठेवलेला चहा तसाच होता. उंबऱ्यापाशी थांबेल, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तो सरळ गेला.

मामांच्या दहाव्याला मी तेलगावला गेले तेव्हा नदीकाठी माणसं थोडीच होती. नगरपरिषदेतून कुणी आलं नव्हतं. भाऊ पिंडापाशी बसला होता, आणि त्याच्या मागे मामांच्या घरच्या पुरुषांच्या रांगेत, डोकं भादरून, म्हाळू बसला होता. त्याने मला येताना पाहिलं आणि तोंड नदीकडे फिरवलं.